कोड हाताने लिहायला परवानगी कशाला? इंजिनिअरिंग मॅनेजमेंटला खुलं पत्र

इंजिनिअरिंग हेड, डिलिव्हरी हेड आणि हे नवीन "एआय-फर्स्ट" धोरण ज्यांनी ज्यांनी मंजूर केलं त्या सगळ्यांना,

नमस्कार.

तुमचा मेल मिळाला. पुढच्या क्वार्टरपासून प्रत्येक टिकेट, म्हणजे नोंदवलेलं एकेक काम, आधी कोड लिहून देणाऱ्या एआय असिस्टंटला द्यायचं, आपण सूचना द्यायच्या, जो कोड येईल तो तपासायचा आणि मर्ज करायचा, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळायचा. कोणाला स्वतः लिहायचं असेल तर टीम लीडची परवानगी काढायची, तीही फॉर्म भरून, कारण देऊन. आणि अप्रेजलमध्ये एक नवीन रकाना, तुमच्या मर्ज झालेल्या कोडपैकी किती टक्के एआयने लिहिला. मेलला रिप्लाय करायची सोय नव्हती, नुसता अंगठा दाखवता येत होता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. कंपनीचं नाव घेणार नाही, कारण बाकीच्या ठिकाणी काम करणाऱ्या मित्रमैत्रिणींशी बोलले तर थोड्याफार फरकाने हाच मेल सगळीकडे पोचलाय असं दिसतंय, त्यामुळे ज्याला ज्याला हे पत्र आपल्याला लागू होतंय असं वाटेल त्याने ते आपलंच समजावं.

आधीच एक सांगते, नाहीतर पहिलीच कमेंट येईल की "ही बदलाला घाबरते". मी असिस्टंट रोज वापरते. एकदाच चालवून फेकून द्यायची स्क्रिप्ट, जुन्या कोणाचा तरी कोड समजून घेणं, नवीन लायब्ररीची ओळख, कंटाळवाण्या कॉन्फिग फाइल्स, मजकूर शोधायचे डोकं उठवणारे रेगेक्स, या सगळ्याला ते झकास आहे आणि मला परत २०२१ च्या आधी जायचं नाहीये. भांडण टूलशी नाहीच. कोणतं काम टूलला द्यायचं आणि कोणतं स्वतःच्या हाताने करायचं हे कोणी ठरवायचं, भांडण त्यावर आहे. माझं म्हणणं एवढंच की ज्याला उद्या त्या कोडबद्दल उत्तर द्यायचंय त्याने ठरवावं. तुम्ही ते स्लाइडवरून ठरवलंत.

माझा यात काय संबंध तेही सांगते. मी सेटलमेंटचं बघते, म्हणजे कोणाकडून किती आले, कोणाला किती द्यायचे, रिफंड किती, कमिशन किती, आणि रात्री सगळ्याची बेरीज जुळली का. बरीच वर्षं हेच करतेय. जुळलं नाही की अलर्ट मला येतो. असिस्टंटला येत नाही, आणि तुम्हालाही येत नाही.

आता तक्रारी. क्रम माझ्या रागाच्या हिशोबाने आहे.

सगळ्यात आधी तुमच्या मेलमधलं ते वाक्य, की "इंजिनिअरचा मौल्यवान वेळ टायपिंगमध्ये वाया जाऊ नये". अहो, टायपिंगमध्ये आमचा वेळ कधी जातच नव्हता! लिहिताना जो वेळ जातो तो थांबण्यात जातो. एक साधं उदाहरण देते. टिकेटमध्ये एक ओळ असते, "ऑर्डरची रक्कम तीन विक्रेत्यांमध्ये समान वाटा". शंभर रक्कम असेल तर तेहतीस पूर्णांक तेहतीस गुणिले तीन, झाले ९९.९९. उरलेला ०.०१ कोणाचा? टिकेटमध्ये नाहीये. मी स्वतः लिहायला बसते तेव्हा भागाकाराच्या ओळीवरच माझा हात थांबतो, मी अकाउंट्सवाल्यांना जाऊन विचारते, आणि बहुतेक वेळा कळतं की त्यांच्यातच दोन मतं आहेत आणि हा प्रश्न आजवर कोणी त्यांना विचारलेलाच नव्हता. मग कुठेतरी निर्णय होतो, तो लिहून ठेवला जातो, आणि मग कोड. असिस्टंट त्या ओळीवर थांबेलच असं नाही. बरेचदा ते काहीतरी बऱ्यापैकी पटण्यासारखं निवडतं आणि पुढे जातं, आणि माझ्यासमोर येतो तो एक नीटनेटका, कमेंट लिहिलेला, राउंडिंग केलेला फंक्शन. बघताना चुकीचं काहीच दिसत नाही. कारण चूक कोडमध्ये नाहीच ना, न विचारलेल्या प्रश्नात आहे.

आणि राउंडिंगचं निघालंच आहे तर ऐका. पायथन या भाषेतल्या राउंडला २.५ दिले की २ येतात, कारण ते बरोबर मधोमध असलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतं. जावास्क्रिप्टमधलं मॅथ राउंड त्याच २.५ चे ३ करतं. आपली एक सर्व्हिस यात आहे आणि दुसरी त्यात. दोन्हीकडे असिस्टंटला वेगवेगळं सांगितलं तर दोन्हीकडे त्या त्या भाषेतला अगदी रीतसर कोड मिळतो, दोन्ही रिव्ह्यूमध्ये पास होतात आणि रात्री बेरीज जुळत नाही. हे ज्याने दोन्ही बाजू स्वतः लिहिल्यात त्याच्या डोक्यात असतं. फाइलमध्ये कुठेही लिहिलेलं नसतं.

पीटर नाउर नावाच्या डॅनिश संगणकशास्त्रज्ञाने १९८५ मध्येच हे मांडलंय, की प्रोग्रामिंग म्हणजे मुळात तो प्रश्न आणि त्याचं उत्तर यांची एक समज डोक्यात उभी करणं, कोड आणि कागदपत्रं ही त्याच्या नंतरची गोष्ट. ती समज असलेली माणसं पांगली की कोड जागेवर असतो, चालतही असतो, पण त्यात धड बदल कोणालाच करता येत नाही, म्हणजे प्रोग्राम मेलेलाच. तुम्ही सांगताय की आता ही समज आम्ही कोणाकडूनतरी आलेला कोड वाचून कमवायची. थोडी येते वाचून, नाही असं नाही. पण स्वतः अडखळत लिहून जेवढी येते तेवढी येत नाही, हे धोरण ठरवणाऱ्या कमिटीत बसलेल्यांपैकी ज्यांनी कधीकाळी कोड लिहिलाय त्यांना माहितीये, आणि तरी ते गप्प बसले याचं मला जास्त वाईट वाटतं.

दुसरी तक्रार रिव्ह्यूची. तुमच्या धोरणाचा सगळा डोलारा "माणूस तपासेल" या दोन शब्दांवर उभा आहे. कधी तपासेल? पुल रिक्वेस्ट, म्हणजे तपासायला पाठवलेला कोडचा बदल, पूर्वी शे-दीडशे ओळींची यायची, आता दोन-दोन हजार ओळी सहज येतात आणि स्प्रिंटमध्ये, म्हणजे एक-दोन आठवड्यांच्या कामाच्या टप्प्यात, रिव्ह्यूला वेगळा वेळ धरलेला नाही. दुसऱ्याचा कोड वाचणं हे स्वतःचा लिहिण्यापेक्षा अवघड काम आहे, त्यात हा "दुसरा" इतका सफाईदार लिहितो की डोळा घसरत जातो. स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२५ च्या सर्व्हेत ६६ टक्के डेव्हलपर्सनी जी अडचण सांगितली ती हीच, एआयची उत्तरं जवळजवळ बरोबर असतात पण पूर्ण नाही. सरळसरळ चुकीचं असतं तर बरं होतं, लगेच सापडलं असतं.

आमच्याकडे आलेला एक नमुना. पेमेंट गेटवेला कॉल करताना टाइमआउट आला, म्हणजे ठरल्या वेळेत उत्तर आलं नाही, तर तीनदा परत प्रयत्न करायचा, असा कोड असिस्टंटने आपणहून घातला होता. रिव्ह्यू करणाऱ्याला वाटलं वा, चांगली सवय आहे. टेस्टही होती, तीही त्याच असिस्टंटने लिहिलेली, पहिल्यांदा टाइमआउट, दुसऱ्यांदा यशस्वी, हिरवी. आता पेमेंटमध्ये टाइमआउट म्हणजे पैसे गेले नाहीत असं नसतं. टाइमआउट म्हणजे काय झालं ते आपल्याला माहीत नाही. त्या कॉलबरोबर व्यवहाराची एक कायम राहणारी खूण पाठवली नाही तर समोरचा दुसऱ्यांदाही पैसे कापतो. कोड आणि टेस्ट दोन्ही एकाच गैरसमजातून जन्मलेले असतील तर टेस्ट हिरवी असणार नाहीतर काय. प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या ग्राहकांच्या वापरात, जायच्या आत ते पकडलं गेलं, कारण टीममधल्या एकाने पूर्वी कधीतरी हाच प्रकार स्वतः निस्तरलेला होता. तुमच्या नव्या व्यवस्थेत असा माणूस कुठून तयार होणार ते मला समजावून सांगा, मी खरंच विचारतेय.

सिक्युरिटीचंही तेच. स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी एक प्रयोग केला होता, त्यात असिस्टंटची मदत घेणाऱ्यांनी एकंदरीत जास्त असुरक्षित कोड लिहिला, आणि वर आपला कोड सुरक्षित आहे असा विश्वासही त्यांनाच जास्त होता. जुन्या मॉडेलवरचा प्रयोग आहे, मान्य, मॉडेल सुधारलीयत. माणसाचा फाजील आत्मविश्वास सुधारला का हा माझा प्रश्न आहे. शिवाय अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचं (म्हणजे बाहेरून घ्यायच्या तयार कोडचं) नाव असिस्टंटने ठोकून देणं हा प्रकार आहेच, आणि ते नाव कोणीतरी आधीच रजिस्टर करून त्यात घाण भरून ठेवली की आपण ती आपल्या हाताने इन्स्टॉल करतो.

तिसरं, तुमचे आकडे. "४० टक्के वेग वाढला" हे टाउनहॉलमध्ये दाखवलंत. कुठून आलं ते विचारलं तर कळलं की डेव्हलपर्सना फॉर्म पाठवून "तुम्हाला किती वेळ वाचल्यासारखं वाटतं" असं विचारलं होतं. बरं, २०२५ मध्ये मीटर (METR) नावाच्या संस्थेने हेच वाटणं तपासून बघितलं. १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपर्स, त्यांचेच नेहमीचे प्रोजेक्ट, २४६ कामं, प्रत्येक कामाला एआय वापरायचं की नाही ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं आपोआप ठरायचं. त्यांचा अंदाज होता २४ टक्के वेळ वाचेल. काम झाल्यावर म्हणाले २० टक्के वाचला. घड्याळाने सांगितलं १९ टक्के जास्त लागला. यावरून एआयने सगळ्यांचाच वेळ वाया जातो असं मी म्हणणार नाही, माणसं थोडी होती, आपल्या कोडची खडानखडा माहिती असलेली होती, टूल्स तेव्हाची होती, आज मोजलं तर आकडा वेगळा येईल आणि कदाचित उलटाही येईल. पण "वाटतं" हा आकडा नसतो हे तर त्यातून स्वच्छ दिसतं ना, मग त्या वाटण्यावर माझं अप्रेजल का?

आणि टक्केवारीचा रकाना एकदा अप्रेजलमध्ये आला की काय होतं ते सांगायला भविष्यवेत्ता नको. लोक आत्ताच स्वतः लिहिलेला कोड असिस्टंटला पेस्ट करून "हाच परत दे" म्हणतायत, टक्के वाढावेत म्हणून. हसू नका, खरंय. ॲपलमध्ये १९८२ च्या सुमाराला मॅनेजरांनी दर आठवड्याला किती ओळी लिहिल्या ते फॉर्मवर भरायला सांगितलं होतं, तेव्हा तिथल्या बिल ॲटकिन्सन या प्रोग्रामरने नुकताच ग्राफिक्सचा एक भाग नव्याने लिहून छोटा आणि बराच वेगवान केला होता, त्याने फॉर्मवर लिहिलं उणे २०००. थोड्याच दिवसांत त्याला फॉर्म भरायला सांगणं बंद झालं. तेव्हाच्या मॅनेजरांना निदान इशारा कळला.

चौथी तक्रार ज्युनिअर्सची, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण त्यांना अजून स्वतःहून बोलता येत नाहीये, नवीन नोकरी, कोण कशाला वाकडं बोलेल.

माझ्या टीममध्ये एक मुलगा आहे, हुशार आहे, मेहनती आहे. त्याची टिकेटं सगळ्यांत जास्त बंद होतात, तुमच्या डॅशबोर्डवर तो हिरो आहे. परवा मी त्याला सहज विचारलं की या ठिकाणी तू लॉक (एकाच वेळी दोघांनी तोच डेटा बदलू नये म्हणून असतो तो) का लावलायस आणि तो काढला तर काय बिघडेल. त्याला सांगता आलं नाही. मग तो म्हणाला, "थांबा, विचारून सांगतो," आणि त्याने असिस्टंटची खिडकी उघडली. मी त्याला दोष देत नाही. त्याला अडकायला कोणी वेळच दिलेला नाही. आम्ही सगळे एकेका बगवर दिवसच्या दिवस घालवून शिकलो, तेव्हा आमच्यावर कोणी वेग मोजायचं यंत्र लावलेलं नव्हतं, आणि तरी मॅनेजर ओरडायचेच, पण निदान कोड आपण लिहायचा की नाही यावर नव्हते ओरडत.

लिसान बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये कारखान्यांतल्या ऑटोमेशनवर एक लेख लिहिला, त्यातला मुद्दा असा की सोपं काम यंत्राला दिलं की माणसाकडे उरतं ते लक्ष ठेवणं आणि यंत्र अडलं की अवघडातलं अवघड सोडवणं, पण रोजचं काम हातातून गेल्यामुळे नेमकं तेच करायचं कौशल्य त्याच्यात उरत नाही. विमान क्षेत्राने हे अनुभवलंय. २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने विमान कंपन्यांना लेखी सूचना काढली की योग्य असेल तेव्हा पायलटना ऑटोपायलट बंद करून हाताने विमान चालवायला प्रोत्साहन द्या. म्हणजे जिथे ऑटोमेशन आपल्यापेक्षा कितीतरी जुनं आणि खात्रीचं आहे तिथले लोक सांगतायत हाताने चालवत राहा, आणि तुम्ही हाताने चालवायला फॉर्म लावलाय. आणि हे कमी म्हणून यंदाची फ्रेशर भरती पण थांबवलीत. पाच-सात वर्षांनी असिस्टंटला "गाईड" करणारे सीनिअर कुठून आणणार? गाईड करायला रस्ता माहीत लागतो.

पाचवी तक्रार एका ओळीत संपते. तुमच्या धोरणाच्या शेवटच्या पानावर लिहिलंय की मर्ज केलेल्या कोडची संपूर्ण जबाबदारी मर्ज करणाऱ्याची. म्हणजे कसं लिहायचं ते तुम्ही ठरवणार आणि बिघडलं तर नाव आमचं.

मला माहितीये तुमच्याकडून कोणीतरी म्हणणार, कंपायलर, म्हणजे आपला कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम, आला तेव्हाही लोक हेच म्हणत होते, १९५७ मध्ये फोरट्रान ही भाषा आली तेव्हा मशीनच्या जवळच्या असेंब्ली भाषेत लिहिणारे नाकं मुरडत होते, आज कोण असेंब्ली लिहितं. मुद्दा चांगला आहे, मी त्यावर बराच विचार केलाय. पण कंपायलरला भाषेचे ठरलेले नियम असतात, तोच कोड, तोच कंपायलर, तीच सेटिंग दिली की अर्थ तोच राहतो, आणि म्हणूनच त्याने काय तयार केलं ते आपण रोज वाचत बसत नाही. असिस्टंटला तीच सूचना दोनदा दिली तर दोन वेगळे कोड येऊ शकतात, म्हणून तर तुम्ही रिव्ह्यू सक्तीचा केलाय ना? ज्या दिवशी त्याचं आउटपुट न वाचता सोडून देता येईल त्या दिवशी मी स्वतः येऊन तुम्हाला बरोबर होतात म्हणेन. तोपर्यंत वाचणारा माणूस वाचून समजेल एवढा तयार ठेवावा लागेल आणि तो नुसतं वाचून तयार होत नाही. आणि "व्हाइब कोडिंग" (एआयने दिलेला कोड फारसा न वाचता वापरणं) हा शब्द ज्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये आणला त्या एआय संशोधक आंद्रे कार्पथींनी त्याच पोस्टमध्ये म्हटलं होतं की वीकेंडच्या, टाकून द्यायच्या प्रोजेक्टसाठी हे काही वाईट नाही. आपण ते सेटलमेंटला लावायला निघालोय.

मागण्या स्पष्ट सांगते म्हणजे "नुसत्या तक्रारी करतात" असं व्हायला नको.

परवानगीचा फॉर्म रद्द करा. टिकेट ज्याच्या नावावर आहे तो ठरवेल असिस्टंट वापरायचा, हाताने लिहायचं, का अर्धं अर्धं. कोणी सगळं असिस्टंटकडून करून घेतलं आणि त्याला ते नीट समजावून सांगता आलं तर माझी काही हरकत नाही.

अप्रेजलमधला एआय टक्केवारीचा रकाना काढा. मोजायचंच असेल तर बदल गेल्यावर किती वेळा मागे घ्यावा लागला, बिघाड दुरुस्त व्हायला किती वेळ लागला, किती टिकेटं परत उघडली, हे मोजा. हे आकडे आपल्याकडे आत्ता आहेत, कोणाला फॉर्म पाठवायची गरज नाही.

पैसे, लॉगिन आणि परवानग्या, डेटा डिलीट करणारा किंवा हलवणारा कोड, एवढ्यांसाठी वेगळा नियम करा. कोणीही लिहिलेला असो, मर्जच्या आधी तो ज्याच्या नावावर आहे त्याने दुसऱ्या एका डेव्हलपरला तो तोंडी समजावून सांगायचा, असिस्टंट न उघडता. आणि कुठल्याही एआय एजंटला (स्वतःहून कामं करणाऱ्या एआयला) प्रॉडक्शन डेटाबेसवर लिहायचा ॲक्सेस द्यायचा नाही. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कोडिंग प्लॅटफॉर्मच्या एजंटने बदल करू नको असं बजावलेलं असताना एका ग्राहकाचा चालू डेटाबेस पुसला होता, त्यावर जगभर चर्चा झाली, आपण तो अनुभव स्वतः घ्यायची गरज नाही.

रिव्ह्यूचा वेळ एस्टिमेटमध्ये धरा आणि एका पुल रिक्वेस्टच्या आकाराला मर्यादा घाला. ही मागणी खरं तर एआयच्या आधीपासूनची आहे.

ज्युनिअर्सना पहिलं वर्षभर कामाचा ठरावीक भाग स्वतः लिहू द्या, सीनिअरबरोबर बसून, आणि त्या सीनिअरचा वेळ "नॉन-प्रॉडक्टिव्ह" या खात्यात टाकू नका. फ्रेशर भरती परत सुरू करा, थोडी का होईना.

आणि हे सगळं एकदम मान्य नसेल तर निदान ट्रायल घ्या. दोन टीम तुमच्या पद्धतीने, दोन टीम आपापल्या मर्जीने, दोन क्वार्टर, वर लिहिलेले आकडे सगळ्यांना दिसतील असे ठेवा. तुमची पद्धत खरंच चांगली ठरली तर मी मुकाट्याने तुमच्या पद्धतीने काम करेन आणि हे पत्र इथेच राहू देईन, लोकांना वाचू दे.

धोरण लागू व्हायच्या आधी एक मीटिंग लावा, ज्यात प्रश्न विचारता येतील अशी. आमच्याकडून कोण येणार ते आम्ही ठरवू, त्यात ऑन-कॉल करणारे, म्हणजे बिघाड झाला की ज्यांना अलर्ट येतो ते, असतील आणि निदान दोन ज्युनिअर असतील. तुमच्याकडून ज्यांनी ४० टक्क्यांची स्लाइड बनवली ते आले तर बरं होईल.

कळावे,
सेटलमेंट टीममधली एक बॅकएंड डेव्हलपर